लिंबोळी, मधमाशी आणि मुंगी
(विज्ञान पाठ : इयत्ता ५ वी ते ७ वी)



"रानात किडे लई झालेत, आता औषध मारायलाच पाहिजे," हे वाक्य तुम्ही घरी पुष्कळदा ऐकले असेल. बोलणाऱ्याचे काही चुकत नाही. पीक डोळ्यांदेखत खाल्ले जात असताना कोण गप्प बसेल? पण या वाक्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते. किडे कोणते? खाणारे, का राबणारे? फवाऱ्याच्या पंपाला डोळे नसतात, डोळे आपल्याला असतात. म्हणून किडा ओळखायचे काम आपले. आजचा पाठ त्यासाठीच आहे.

किडा कोणाला म्हणायचे?

ज्याला सहा पाय आणि ज्याच्या शरीराचे डोके, छाती व पोट असे तीन भाग, तो कीटक. कोळ्याला आठ पाय असतात, म्हणून कोळी कीटक नव्हे. जगात शास्त्रज्ञांनी आजवर सुमारे १० लाख जातींच्या कीटकांची नोंद केली आहे. त्यातले पिकाचा नाश करणारे फार थोडे. शेतातल्या किड्यांचे मी तुमच्यासाठी सोपे तीन गट करतो.

१. खाणारे : अळ्या, मावा, तुडतुडे, सोंडकिडे.
२. राबणारे : मधमाश्या, भुंगे, फुलपाखरे. हे फुलाफुलांवर पराग नेतात.
३. राखणदार : ढालकिडा, चतुर, गांधीलमाशी. हे दुसऱ्या किड्यांना खातात.

मुंगीला मात्र मी कोणत्याच गटात टाकलेले नाही. का, ते पुढे कळेल.

खाणारी अळी

आपल्या धाराशिव जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन, तूर, उडीद, मूग आणि रब्बीला ज्वारी, हरभरा, करडई ही पिके घेतात. हरभऱ्याच्या घाट्यात डोके आत खुपसून अर्धे अंग बाहेर लोंबत ठेवलेली अळी तुम्ही पाहिली आहे. तीच घाटेअळी. ती तुरीच्या शेंगा खाते, कापसाची बोंडे पोखरते, टोमॅटोलाही सोडत नाही. तिचा पतंग रात्री हिंडतो आणि कळ्यांवर, कोवळ्या पाल्यावर एकेक अंडे घालतो. अंडे एवढे बारीक, की ज्वारीचा दाणा त्यापुढे डोंगर.

या अळीची एक खोड आहे. तेच ते विष वर्षानुवर्षे मारले, की ज्या अळ्यांना ते बाधत नाही त्या तेवढ्या शिल्लक राहतात. पुढची पिढी त्यांचीच. मग विष वाढवावे लागते, खर्च वाढतो, आणि अळी आहे तिथेच राहते. जगात अनेक देशांत ही अळी अशीच चिवट झाली आहे.

राबणारी मधमाशी

आपल्या महाराष्ट्रात मधमाश्यांचे चार देशी प्रकार आहेत. उंच झाडावर किंवा कड्याला एकच भले मोठे पोळे लोंबते ते आग्या मोहोळ. झुडपात हाताच्या पंज्याएवढे छोटे पोळे असते ते फुलोरी माशीचे. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते ती सातेरी. आणि डासाएवढी, नांगी न मारणारी ती पोयाची माशी. सातेरी पेटीत पाळता येते. पेटीत पाळतात ती आणखी एक परदेशी माशी, तिचे नाव मेलिफेरा.

एक कामकरी माशी कामाच्या दिवसांत जेमतेम सहा आठवडे जगते. तेवढ्या आयुष्यात तिच्या कष्टाचा मध किती? चहाच्या चमच्याचा सुमारे बारावा हिस्सा! भाकरीवर मध घेताना हा हिशोब आठवावा.

पण मध ही मधमाशीची लहान देणगी आहे. मोठी देणगी निराळीच. भोपळ्याच्या वेलाला नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बारकासा भोपळा आधीच असतो. नर फुलातला पराग तिथे पोचला नाही, तर तो पिवळा पडून गळून जातो. हा पराग वाऱ्याने जात नाही, तो चिकट आणि जड असतो. माशीच्या अंगावरच्या लवेला चिकटून तो जातो. काकडी, दोडका, कारले यांचेही असेच आहे. सूर्यफूल, करडई, तीळ, कांद्याचे बी, शेवगा यांनाही माश्यांमुळे दाणा चांगला भरतो. ज्वारीचे काम वारा करतो आणि गहू व सोयाबीन बहुतेक स्वतःच्याच परागावर भागवतात. म्हणजे सगळी पिके माशीवर अवलंबून नाहीत. पण ज्यांचे अडते त्यांचे फार अडते.

मधमाशी आपल्या बहिणींना फुलांचा पत्ता सांगते, तोही नाचून! हे कोडे ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडले. त्यासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फुले सापडलेली माशी पोळ्यावर सरळ रेषेत अंग थरथरवीत चालते, वळून परत येते, पुन्हा तशीच चालते. अंधाऱ्या पेटीतल्या उभ्या पोळ्यावर ती सरळ वर चालली, तर अर्थ असा : सूर्याच्या दिशेने जा. उजवीकडे कलून चालली, तर सूर्याच्या तेवढेच उजवीकडे. थरथर जास्त वेळ, तर फुले लांब. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर १९५५ साली श्रीलंकेत आले आणि त्यांनी आपल्या फुलोरी माशीचा नाच पाहिला. फुलोरीच्या पोळ्याचा माथा सपाट असतो. त्या माथ्यावर नाचताना ती फुलांच्या दिशेलाच तोंड करते, जणू बोट दाखवते.

आता विचार करा. एक माशी दुपारी फवारलेल्या फुलावर बसली. ती मेली तर एक माशी गेली. पण ती जिवंत परतली, तर विष लागलेला पराग घरी नेते आणि नाचून सगळ्यांना सांगते, "तिकडे चला!" तिचे इमान तिच्याच घरादाराच्या जिवावर उठते.

आपल्या राज्यात मधमाश्यांचा अभ्यास नवा नाही. महाबळेश्वरला मध संचालनालयाची सुरुवात १९४६ साली झाली. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ साली निघाली. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

मुंगी कोणाच्या बाजूची?

मुंगीच्या बाबतीत आपल्या पुण्याने जगाला एक गोष्ट शिकविली आहे. इंग्रजांच्या काळात विल्यम साइक्स नावाचे एक लष्करी अधिकारी पुणे भागात होते. त्यांना प्राण्यापक्ष्यांचा नाद. १८२९ साली त्यांनी पाहिले, की पाऊस उघडल्यावर मुंग्या बिळातून गवताच्या बियांचे ढीग बाहेर आणून उन्हात वाळत घालताहेत. मुंगी धान्य साठवते हे जुन्या गोष्टींत होते, पण युरोपातल्या पंडितांना ते पटत नव्हते. त्यांच्या थंड मुलखातल्या मुंग्या धान्य साठवीत नाहीत ना! साइक्स यांनी डोळ्यांनी पाहिलेले लिहून प्रसिद्ध केले आणि जुन्या गोष्टी खऱ्या निघाल्या. आपल्या आजीने पावसाळ्यात डाळ वाळत घालावी, तसेच हे.

आता रानातली मुंगी पाहा. ज्वारीवर चिकटा पडतो, म्हणजे काय होते? मावा पानातला रस शोषतो आणि जास्तीचे गोड पाणी अंगाबाहेर टाकतो. तोच चिकटा. मुंगीला तो फार आवडतो. म्हणून मुंग्या माव्याची राखण करतात. ढालकिडा मावा खायला आला, की मुंग्या त्याला हुसकून लावतात. म्हणजे इथे मुंगी चोराच्या बाजूची झाली.

पण दुसरीकडे हीच जमात राखणदार होते. कोकणात आंब्याच्या झाडावर पाने शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या असतात. त्या आपल्याच पिल्लांच्या तोंडातल्या रेशमी धाग्याने पाने जोडतात आणि झाडावर येणाऱ्या अळ्या-किडे पकडून नेतात. चीनमध्ये संत्र्याच्या बागेत असल्या मुंग्यांची घरटी मुद्दाम आणून सोडण्याची रीत शेकडो वर्षांची जुनी आहे.

म्हणून मुंगीला मी गटात टाकले नाही. ती आहे ती बातमीदार. एखाद्या झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर पाने उलटी करून पाहा. बहुधा मावा सापडेल. सगळ्या रानात फवारण्याआधी ती चार झाडे पाहावीत, हा धडा मुंगीकडून घ्यावा.

कडू लिंबाचे गुपित

आपल्या बांधावरचा, देवळापुढचा, शाळेच्या अंगणातला कडुनिंब. आपण त्याला नुसता लिंब म्हणतो. आजी बळदात, कणगीत ज्वारीबरोबर लिंबाचा वाळका पाला घालते. तिला कोणी पुस्तकातून शिकविले नाही.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबोळीचा अभ्यास केला. १९६२ साली टोळधाड आली तेव्हा त्यांनी लिंबोळीचा गर वाटून पाण्यात कालवून पिकावर फवारला. प्रमाण किती? लिटरभर पाण्याला फक्त १ ग्रॅम! टोळ पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्ले नाही.

१९६८ साली इंग्लंडमध्ये दोन शास्त्रज्ञांनी लिंबोळीतला मुख्य कडू पदार्थ वेगळा काढला. त्याचे नाव ॲझाडिरॅक्टिन. लिंबाच्या शास्त्रीय नावावरून ते पडले, आणि शास्त्रीय नाव पडले फारसी 'आझाद दरख्त' यावरून. अर्थ, स्वतंत्र झाड. हा पदार्थ प्रयोगशाळेत पहिल्यापासून तयार करायला केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना २२ वर्षे लागली. २००७ साली तो तयार झाला. आपला लिंब तो दर उन्हाळ्यात, कोणाला न सांगता तयार करतो.

हा पदार्थ काय करतो? तीन कामे करतो.

१. अळीची भूक घालवितो. पान कडू लागते, ती खाणे सोडते.
२. अळीला वाढताना चार-पाच वेळा कात टाकावी लागते. ॲझाडिरॅक्टिन पोटात गेले, की कात नीट टाकता येत नाही. अळी जुन्या कातडीत अडकून मरते.
३. पतंगाला त्या पानावर अंडी घालावीशी वाटत नाहीत.

आता नीट लक्ष द्या. लिंबोळीचा अर्क मुख्यतः पोटातून काम करतो. जो पान चावतो, त्याच्या पोटात तो जातो. मधमाशी पान चावत नाही. ढालकिडाही पान खात नाही, मावा खातो. म्हणून लिंबोळी खाणाऱ्याला जास्त आणि राबणाऱ्याला कमी बाधते. पंपाला डोळे नसतात असे मी वर म्हटले. लिंबोळीला थोडेसे का होईना, डोळे आहेत.

"फरक काय बी न्हाई, गुरुजी!"

आमच्या शेजारच्या रानात एका आबांनी हरभऱ्यावर लिंबोळी अर्क फवारला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारून म्हणाले, "गुरुजी, फरक काय बी न्हाई. अळी तशीच हाय. तुमचं लिंबोळीचं सगळं खोटं."

मी म्हटले, "आबा, अळी मेली का ते नका बघू. खाती का ते बघा."

आम्ही दोघे ओळीने चाललो. अळ्या होत्या, पण नवीन कुरतडलेले पान फारसे नव्हते. आबा दुकानातून जहाल औषध आणायला निघालेच होते, ते चार दिवस थांबले. चौथ्या दिवशी बारक्या अळ्या सुकलेल्या, काळपटलेल्या दिसल्या. मोठ्या अळ्या मात्र काही तशाच होत्या. त्या आबांनी आणि त्यांच्या नातवाने वेचून काढल्या. रानात टी आकाराच्या काठ्या रोवल्या, त्यांवर कोतवाल आणि साळुंक्या येऊन बसू लागल्या आणि राहिलेले काम त्यांनी उरकले.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. लिंबोळी सावकाश काम करते, तिला तीन-चार दिवस द्यावे लागतात. आणि ती अळी लहान असतानाच कामाची. अळी बोटाएवढी झाल्यावर लिंबोळीला दोष देणे म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून पुस्तकाला दोष देणे!

अर्क कसा करतात?

जून-जुलैत पिकून पडलेल्या लिंबोळ्या गोळा कराव्यात. गर धुऊन काढावा. बिया सावलीत वाळवाव्यात आणि पोत्यात ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या तर बुरशी येते.

फवारणीच्या आदल्या दिवशी ५ किलो बिया बारीक कुटून १० लिटर पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी ढवळून फडक्याने गाळावे. लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात घालावा. साबणाने अर्क पानाला धरून राहतो. मग एकूण १०० लिटर होईल एवढे पाणी घालावे. हा झाला ५ टक्के लिंबोळी अर्क. गणित करून पाहा : शाळेच्या परसबागेसाठी १ लिटर अर्क हवा, तर बिया किती लागतील? (उत्तर : ५० ग्रॅम.) अर्क त्याच दिवशी संपवावा. हाच अर्क परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही सुचविते. तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथेही वडिलांना याची माहिती मिळेल.

फवारायचे कधी? संध्याकाळी. याला दोन कारणे. ऊन लागले की ॲझाडिरॅक्टिन लवकर नासते. आणि संध्याकाळी मधमाश्या घरी गेलेल्या असतात. पोळ्यातल्या पिल्लांच्या परागात अर्क गेला तर त्यांनाही तो बाधू शकतो, म्हणून लिंबोळी असली तरी ही काळजी घ्यावी.

झाडाचे म्हणून निर्धोक नव्हे

काही जण म्हणतात, "झाडपाल्याचं औषध हाय, त्याला काय हुतंय?" हे बरोबर नाही. तंबाखूचा काढा वनस्पतीचाच, पण त्यातले निकोटीन अंगाला लागले तरी विषबाधा होते आणि मधमाशीही मरते. शेवंतीच्या एका भावंडाच्या फुलांपासून पायरेथ्रम काढतात, तेही मधमाशीला मारक आहे. दशपर्णी अर्कात लिंब, करंज, सीताफळ, निरगुडी यांबरोबर कण्हेर आणि रुई असते. कण्हेर पोटात गेली तर माणूस दगावतो. म्हणून दशपर्णीचा पाला मुलांनी तोडायचा नाही. ते काम मोठ्यांचे.

आणि दुकानातले 'औषध'? नाव औषध, पण आहे ते विष. डब्यावर एक रंगीत चौकोन असतो. त्याच्या खालच्या भागाचा रंग वाचायला शिका. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मेले. उंच कपाशीत, वाऱ्याच्या तोंडी, तोंडाला फडके न बांधता फवारणी झाली होती. ज्यांचे घर गेले त्यांना किडा कोणता होता याचे काय?

म्हणून घरी एवढे सांगा :

१. पंप भरायला, औषध कालवायला मुलांना बोलवू नका.
२. रिकामा डबा घरात पाण्याला वापरू नका.
३. पीक फुलावर असताना दिवसा फवारू नका. संध्याकाळी फवारा.
४. वाऱ्याच्या तोंडी उभे राहू नका. तोंड बांधा, हातमोजे घाला.
५. फवारण्याआधी रानातून एक फेरी मारा. खाणारा कोण, राबणारा कोण, ते पाहा.

वडिलांना सांगताना उलट बोलू नका. "बाबा, आज सांजच्याला मारू की," असे म्हटले तर ते ऐकतील.

करून पाहा

१. मुंग्यांच्या रांगेच्या मधोमध ओले बोट आडवे फिरवा. मुंग्या तिथे येऊन थबकतात, का? (त्या वासाच्या वाटेने चालतात. वास पुसला की वाट मोडते.)
२. परसबागेत भोपळ्याच्या एका मादी कळीला आदल्या संध्याकाळी पातळ फडके बांधा. दुसरी कळी तशीच उघडी ठेवा. तिसऱ्या दिवशी फडके काढा. आठवड्याने कोणता भोपळा वाढला ते वहीत लिहा.
३. सकाळी ८ वाजता, दुपारी १२ वाजता आणि संध्याकाळी ६ वाजता एकाच सूर्यफुलाजवळ पाच मिनिटे उभे राहा. किती माश्या आल्या ते मोजा. लांबून मोजा. आग्या मोहोळाजवळ मात्र कोणी जायचे नाही, दगड तर मुळीच मारायचा नाही. माशी चावली तर नांगी नखाने लगेच खरवडून काढा.

प्रश्न

१. सूर्यफुलाला मधमाशी लागते, ज्वारीला का लागत नाही?
२. ज्वारीवर मुंग्यांची रांग दिसली, तर प्रथम काय पाहाल?
३. लिंबोळी अर्क फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली. अर्क वाया गेला असे म्हणावे का? कारण द्या.
४. 'झाडपाल्याचे औषध निर्धोक असते.' चूक की बरोबर?

शब्दार्थ : पराग – फुलातील पिवळी भुकटी. कात टाकणे – जुनी कातडी सोडणे. बळद – भिंतीतील धान्याची कोठी. निर्धोक – ज्यापासून धोका नाही असे.

उत्तरे वहीत लिहून शनिवारी आणावीत. ज्याच्या बांधावर लिंब आहे त्याने यंदा मूठभर लिंबोळ्या वाळवून आणाव्यात. परसबागेतल्या भोपळ्याला त्या उपयोगी पडतील.